पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल पहिल्यांदाच करायचंय, सुरुवात कोणत्या विमानापासून करू?

तुम्ही लिहिलंय की मुलाबरोबर स्पिटफायर आणि मिग-२१ जोडून झालं. आता पहिल्या महायुद्धातलं विमान करायचंय, पण एकावर एक पंख आणि मधलं तारांचं जाळं बघून हात धजत नाही. आणि मुलाला मात्र ते लाल विमानच हवंय.

मुलाचं ऐका. जर्मनांचं फॉकर डीआर-१, म्हणजे तेच तीन पंखांचं, १/४८ मध्ये (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं) घ्या. दिसायला ते सगळ्यात अवघड वाटतं, पण त्या काळच्या विमानांत पहिल्यांदा करायला याच्याइतकं सोपं दुसरं क्वचितच सापडेल. कारण एकच: याच्या पंखांमध्ये तारा नाहीत.

तारा का नाहीत हे समजून घेतलंत तर पुढची सगळी विमानं सोपी जातील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या काळी पातळ पंखच चांगला असं बहुतेकांचं मत होतं. छोट्या वाऱ्याच्या बोगद्यांत छोट्या नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांतून ते तयार झालं होतं. पण पातळ पंखात जाड वासा मावत नाही, आणि वासा बारीक असला की पंख स्वतःच्या बळावर टिकत नाही. मग एकावर एक दोन पंख ठेवायचे, मध्ये खांब द्यायचे आणि तिरक्या तारा ओढून घ्यायच्या. पत्र्याच्या शेडच्या छताला कैची असते ना, अगदी तसंच. कैचीतला एकेक तुकडा बारीक असतो, पण सगळे मिळून भार पेलतात. यातल्या काही तारा हवेत पंख वर उचलला जातो तेव्हा ताणल्या जातात, त्या खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या टोकाकडे जातात. बाकीच्या विमान जमिनीवर असताना पंखांचं वजन धरतात, त्या उलट दिशेने, वर मध्यापासून खाली टोकाकडे येतात. एवढं डोक्यात बसलं की कुठली तार कुठून कुठे जाते हे पाठ करावं लागत नाही.

फॉकरच्या कारखान्याने याच्या उलट वाट धरली. पंखच जाड केला, आणि आत लाकडाच्या दोन पेट्या एकत्र जोडून एकच भक्कम वासा घातला. असा पंख स्वतःचा भार स्वतः उचलतो. डीआर-१च्या पहिल्या नमुन्यात तर पंखांना जोडणारे बाहेरचे खांबही नव्हते. पंख फार लवलव करायला लागले तेव्हा प्रत्येक बाजूला एकेक खांब दिला. तुम्हाला तारा लावायच्या आहेत त्या फक्त वरच्या पंखाच्या मधल्या खांबांत, चाकांच्या खांबांत, आणि शेपटीच्या सुकाणूंना जाणाऱ्या दोऱ्या. एका संध्याकाळचं काम आहे.

दुसरी सोय म्हणजे तिन्ही पंख सपाट आहेत, टोकांकडे वर उचललेले नाहीत. समोरून बघितलं की तीन समांतर रेघा दिसल्या पाहिजेत. पट्टी धरून तपासता येतं. लांबी मात्र वेगवेगळी आहे: वरचा सगळ्यात लांब, खालचा सगळ्यात आखूड. वरचा ७.१९ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर. रिकामं विमान ४०६ किलोचं, दोन बुलेट मोटरसायकलींहून जरासंच जास्त. हे मुलाला नक्की सांगा, कारण तो आत्ता मिग-२१ हातात घेऊन विचार करतोय.

चिकटवण्याआधी तिन्ही पंख आणि खांब कोरडेच बसवून बघा. आधी खालचा, मग मधला, मग खांब, मग वरचा. वरचा चिकटवायच्या आत रंगकाम उरकून घ्या, नंतर मधल्या पंखावर ब्रश पोचत नाही.

आता लाल रंगाबद्दल. ते लाल विमान ज्याचं, त्या जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिक्टहोफेनच्या नावावर पाडलेली ८० विमानं आहेत, त्यातली त्रिपंखी चालवताना पाडलेली फक्त १९. त्याआधी तो मुख्यतः आल्बाट्रॉस हे दोन पंखांचं विमान चालवायचा. २१ एप्रिल १९१८ला तो ज्या विमानात मारला गेला ते ४२५/१७ क्रमांकाचं विमान जवळजवळ सगळं लाल होतं, पण त्याची इतर त्रिपंखी सगळीच तशी नव्हती. १५२/१७ घ्या: पुढचं काउलिंग (इंजिनावरचं पत्र्याचं आवरण), वरच्या पंखाची वरची बाजू, शेपटी असे ठरावीक भाग लाल, बाकी कारखान्याचा मूळ रंग. माझ्या मते करायला हेच जास्त छान आहे. मुलाला लाल मिळेल आणि तुम्हाला फॉकरचे ते प्रसिद्ध फटकारे रंगवायला मिळतील.

हे फटकारे म्हणजे काय, तर पंखाच्या लिनन कापडावर डोप नावाचं वार्निश चढवून ते ताठ केलेलं असायचं. त्यावर हिरवट-तपकिरी रंग पातळ करून चपट्या ब्रशने झपाझप मारायचे. रंग संपत आला की ब्रशच्या केसांच्या रेघा उमटायच्या आणि मधून खालचं पिवळसर कापड दिसायचं. मॉडेलवर मी असं करतो: आधी सगळीकडे फिक्या साबुदाण्यासारखा पांढुरका-पिवळा रंग, तो दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचा. मग कॅमलिनच्या ऑइल कलरमधला ऑलिव्ह हिरवा आणि थोडा बर्न्ट अंबर बशीत कालवायचा. जुना, केस विस्कटलेला चपटा ब्रश त्यात बुडवून वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि एकाच दिशेने ओढायचा. एकदा ओढलेल्या जागी परत जायचं नाही, रेघा मोडतात. एका पंखाला पाच मिनिटं पुरतात. पोटाची बाजू फिकी हिरवट निळी, तिथे फटकारे नाहीत. ऑइल कलर पावसाळ्यात आठवडाभर ओला राहतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये करत असाल तर झाकणाच्या डब्यात ठेवून द्या आणि मुलाला हात लावू देऊ नका.

पंखाची मागची कड जवळून बघा. ती सरळ नाही, प्रत्येक दोन फासळ्यांमध्ये आत ओढल्यासारखी कमानदार आहे. तिथे लाकूड नव्हतं, नुसती तार होती. डोप वाळताना कापड आकसलं की ते तारेला आत खेचायचं, म्हणून तो आकार. किटमध्ये ही कड जाड असते. आतून पॉलिश पेपरने घासून ती पातळ करा, मात्र कमानी घासून सपाट करू नका. आणि फासळ्यांमधलं कापड खोल गेलेलं दाखवायचा मोह टाळा. डोप मारलेलं कापड ढोलाच्या पानासारखं ताठ असायचं. फासळ्या दिसतात, पण उपाशी बैलासारख्या नाही.

इंजिनाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. डीआर-१ला ओबरउर्सेलचं ११० अश्वशक्तीचं रोटरी इंजिन होतं. रोटरीत मधला दांडा विमानाला पक्का बसवलेला असतो आणि नऊही सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरगर फिरतात. सगळं इंजिनच फिरतंय, त्यामुळे थंड राहायला पाणी लागत नाही. तेव्हा मॉडेलमध्ये प्रोपेलर फिरता ठेवणार असाल तर इंजिन त्याच्याबरोबर फिरलं पाहिजे. इंजिन स्थिर आणि प्रोपेलर तेवढा फिरता, असं केलंत तर ते वेगळ्याच जातीचं इंजिन झालं.

या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल वापरायचे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातून जायचं. साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन जातं, एरंडेल सहसा विरघळत नाही. पण ते परत गोळा करायची सोय नव्हती. एकदा वापरलं की बाहेर, काउलिंगखाली, पोटावर आणि वैमानिकाच्या तोंडावरही. ते नाकातोंडात जाऊन पोट बिघडायचं, हे तर आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. मॉडेलवर पोटाच्या बाजूला तपकिरी, चकचकीत, मागे ओघळत गेलेले डाग द्या. बाकी विमान मॅट ठेवा आणि एवढीच जागा ग्लॉस. विमान वापरातलं आहे हे त्या चमकेवरून कळतं.

मुलगा हमखास विचारेल की बंदूक प्रोपेलरच्या मागे असताना पाती कशी तुटत नाहीत. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला १२०० फेरे मारत असेल तर सेकंदाला ४० वेळा नळीसमोरून पातं जातं. फ्रान्सचा वैमानिक रोलाँ गॅरोस याने आधी पात्यांनाच पोलादी पाचरी लावल्या, लागलेली गोळी बाजूला उडावी म्हणून. १ एप्रिल १९१५ला त्याने असं पहिलं विमान पाडलं, आणि १८ एप्रिलला त्याला जर्मनांच्या हद्दीत उतरावं लागलं, तो विमानासकट त्यांच्या हाती सापडला. फॉकरच्या माणसांनी मग पाचरीचा नाद सोडून बंदूक इंजिनालाच जोडली. इंजिनावर एक उंचवटा असलेली चकती, तिच्यावर टेकलेला दांडा, आणि दांड्याचं दुसरं टोक बंदुकीच्या घोड्याशी. पातं समोर नसेल तेव्हाच दांडा घोडा दाबतो. ही युक्ती इतरांनाही सुचली होती. मोरान-सोल्निए या फ्रेंच विमान कंपनीच्या रेमों सोल्निएने १९१४मध्येच अशी यंत्रणा करून पाहिली होती, पण काडतुसं भरवशाची नव्हती. एखादी गोळी किंचित उशिरा सुटली तरी थेट पात्यात जायची. फॉकरचं एकपंखी आइनडेकर ही यंत्रणा घेऊन लढाईत उतरलं, १ जुलै १९१५ला कुर्ट विंटगेन्सने त्यातून पहिलं विमान पाडलं, आणि पुढचे काही महिने ब्रिटिश-फ्रेंचांना आकाशात जाणं जड झालं. नळी प्रोपेलरमागे आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे नेम म्हणजे विमानाचं नाकच. तुमच्या त्रिपंखीवरच्या दोन बंदुका त्याच वंशातल्या.

त्या बंदुकांवर भोकाभोकांचं पत्र्याचं आवरण असतं. किटमध्ये ते पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेलं मिळालं तर तसंच गुंडाळायला जाऊ नका, त्याला कोन पडतात. सोनार तार मऊ करायला तापवतो तसं चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर क्षणभर लालसर करा, गार होऊ द्या, मग सुईवर गुंडाळा. कागदासारखं वळतं.

आता फोटोंबद्दल, कारण रंग ठरवताना सगळे इथेच फसतात. त्या काळच्या फिल्मला निळा रंग भरपूर दिसायचा आणि तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून फोटोत निळा रंग फिका, पांढुरका येतो, आणि लाल किंवा पिवळा काळपट. ब्रिटिश विमानावरचं वर्तुळ बघा: बाहेरचं निळं कडं फिकट राखाडी दिसतं आणि मधला लाल ठिपका काळा. आपला डोळा याच्या नेमकं उलट अर्थ लावतो. मी एका आल्बाट्रॉसचा कमरेचा पट्टा फोटोत फिका दिसला म्हणून पांढरा रंगवला होता. नंतर त्या तुकडीचं लेखी वर्णन वाचनात आलं, पट्टा निळा होता. तेव्हापासून फोटोत रंग शोधायच्या आधी मी त्याच फोटोत एखादी खात्रीची गोष्ट शोधतो, वर्तुळ किंवा झेंडा, आणि बाकीच्या छटा तिच्याशी ताडून बघतो.

मूळ डीआर-१ आज जगात एकही पूर्ण उरलेलं नाही. सुमारे ३२० बनली. मी वर सांगितलं ते १५२/१७ बर्लिनच्या संग्रहालयात होतं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत गेलं. आज व्हिडिओत उडताना दिसतात त्या नंतर बनवलेल्या प्रतिकृती. त्यांतल्या बऱ्याच जणींना स्थिर सिलिंडरांचं नवं इंजिन असतं आणि शेपटीखाली लाकडी घसरपट्टीऐवजी चाक असतं. त्यांवरून तपशील उचलू नका. जर्मन विमानांवरच्या क्रॉससाठी तारीख बघा: १९१८च्या मार्च-एप्रिलपर्यंत टोकांकडे रुंद होणारा क्रॉस, त्यानंतर सरळ पट्ट्यांचा. या बदलाच्या दिवसांत जुन्यावरच नवा रंगवलेला असायचा.

हे विमान सुरुवातीला फार बदनाम झालं होतं, तेही मुलाला सांगा. ऑक्टोबर १९१७च्या शेवटी दोन दिवसांत दोन वैमानिकांचे वरचे पंख हवेतच मोडले, हाइनरिश गोंटरमान त्यातलाच एक. सगळी त्रिपंखी जमिनीवर बसवून चौकशी झाली. पंखाच्या आतल्या कामात हयगय होती, ओल शिरून जोड सुटत होते. नव्याने नीट वार्निश केलेले पंख बसवून मगच विमानं परत दिली गेली. ओल लाकूड-सरसाच्या कामाचं काय करते हे कोकणात घर असलेल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

पुढचं विमान तारांचं करा. ब्रिटिशांचं दोन पंखांचं सॉपविथ कॅमल घ्या. कॅमलमध्ये इंजिन, बंदुका, वैमानिक, इंधन सगळं पुढच्या दोन-सव्वादोन मीटरमध्ये दाटीवाटीने बसवलेलं आहे. शिवाय फिरणाऱ्या रोटरीचा जोर, त्यामुळे ते उजवीकडे झटकन वळायचं आणि वळताना नाक खाली घालायचं. नवख्या वैमानिकांचे त्याने जीव घेतले, आणि जे त्याला सरावले त्यांनी त्याच्यावर १२०० हून जास्त विमानं पाडली. मॉडेलसाठी महत्त्वाचं म्हणजे वरचा पंख सपाट आहे आणि खालचा टोकांकडे सुमारे ५ अंश वर उचललेला. दोन पंखांमधलं अंतर बाहेर जाताना कमी होत जातं. बांधणी सोपी व्हावी म्हणून वरचा सपाट ठेवला होता. दोन्ही पंख समांतर करायला गेलात तर खांब बसणारच नाहीत.

माझ्या पहिल्या कॅमलच्या तारा मी सतारीच्या तारांसारख्या खेचून बांधल्या. सकाळी बघतो तर वरच्या पंखाचं डावं टोक खाली झुकलेलं, आणि पावसाळी हवेत सुपरग्लूची पांढरी वाफ सगळ्या बंदुकांवर बसलेली. सगळं कापून परत केलं. आता मी साडीच्या फॉलला वापरतात तो पारदर्शक नायलॉनचा बारीक धागा घेतो. शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळतो. पंखांना ०.३ मिलिमीटरची भोकं रंगवायच्या आधीच पाडून ठेवायची. धागा जेमतेम सरळ राहील इतकाच ओढायचा, सुपरग्लू टाचणीच्या टोकाने लावायचा. सगळ्या तारा झाल्या की पेटती उदबत्ती धाग्यापासून अर्धा सेंटिमीटर लांब धरून सावकाश फिरवायची. नायलॉन आकसतो आणि तार ताठ होते, पंख वाकत नाही. उदबत्ती टेकली तर धागा तुटतो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर हात बसवा. खरी तार काही मिलिमीटर जाडीची, १/४८ मध्ये ०.१ मिलिमीटरच्याही आत येते, तेव्हा जितका बारीक धागा मिळेल तितका घ्या.

मुलाला या काळाशी आपलं काही नातं वाटावं असं वाटत असेल तर पुढची विमानं आपल्या माणसांची करता येतील. इंद्रलाल रॉय हा कलकत्त्याचा मुलगा, ब्रिटिशांच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून एस.ई.५ए हे लढाऊ विमान चालवायचा. जुलै १९१८मध्ये १३ दिवसांत त्याच्या नावावर १० विमानं लागली आणि २२ जुलैला तो मारला गेला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. हरदितसिंग मलिक कॅमल चालवायचे. आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिनवर होते. जून १९१८मध्ये ते फ्रान्समध्ये मरण पावले, त्यांची कबर सॉम भागातल्या हांगार गावी आहे.

डॉल्फिन हे विमान मुद्दाम बघण्यासारखं आहे. इतर बऱ्याच द्विपंखी विमानांत वरचा पंख पुढे असतो, यात खालचा पुढे आणि वरचा मागे. वरच्या पंखाच्या मधोमध उघडी चौकट, आणि वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर. वर-पुढे बघायला ती जागा फार चांगली, पण विमान उलटलं तर आधी जमिनीला टेकणार ते डोकंच. सध्या माझ्या टेबलावर वेलिणकरांसाठीच हे घेतलंय. त्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवरच वरचा पंख पेलला जातो, म्हणून ती चिकटवून दोन दिवस हात लावलेला नाही. उद्या पंख बसवून बघणार आहे. तुम्ही त्रिपंखीचे पंख कोरडे बसवलेत की समोरून एक फोटो इथे टाका, रेघा समांतर आहेत का ते सांगतो.